चुनखडीच्या कड्यावर नेमकं काय पाहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका मे ते सप्टेंबर मुलाकडे कॅनडात हॅमिल्टनला जाणार आहेत. मुलाच्या घरामागेच नायगारा एस्कार्पमेंट हा चुनखडीचा लांबच लांब कडा आहे. मागच्या खेपेला त्या माथ्यावरून रोज फिरायच्या. दुर्मीळ वनस्पतींचा संरक्षित भाग असल्याचा फलक तिथे होता, पण दिसले ते दगड, खुरटी झाडं आणि खाली पसरलेलं शहर. यात दुर्मीळ ते काय, आणि वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसाला ते ओळखता येतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, नक्की ओळखता येतं. मागच्या खेपेला दिसलं नाही, कारण तुम्ही कडा वरून पाहिलात. माथ्यावर उभं राहिलं की नजर आपोआप लांब जाते, शहराकडे आणि तळ्याकडे, आणि पायाजवळचं राहून जातं. या वेळी पायथ्यापासून सुरुवात करा. हॅमिल्टनजवळ कड्याचा चढ शंभरेक मीटरचा आहे. तेवढ्यात तुम्हाला पायथ्याचं ओलं रान, गोट्यांचा उतार, उभी भिंत, माथ्याची कड आणि त्यामागचं पठार लागेल. प्रत्येकाचा ओलावा वेगळा, ऊन वेगळं, माती वेगळी, म्हणून झाडंही वेगळी. आपल्याकडे एवढा बदल पाहायला पेंच ते मेळघाट प्रवास करावा लागतो.

मी नागपुरात पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि विदर्भातल्या टेकड्यांवर सर्वेक्षणं केली. मुलगी हॅमिल्टनजवळच ग्वेल्फला राहते म्हणून त्या कड्याखाली माझे चार उन्हाळे गेलेत. तेव्हा जे सांगते ते बरंचसं गुडघे टेकून पाहिलेलं आहे.

आधी खडक समजून घ्या. हॅमिल्टनकर त्याला ‘माउंटन’ म्हणतात, पण तो डोंगर नाही. एका अवाढव्य थराची ती तुटकी कड आहे. साधारण ४३ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. प्रवाळ आणि शिंपल्यांचा गाळ साचून चुनखडी झाली, पुढे तिच्यात मॅग्नेशियम शिरून तिचा टणक डोलोस्टोन झाला. त्याच्याखाली मऊ शेल, म्हणजे चिखल दाबून झालेला खडक, आहे. पाणी आणि बर्फ खालचा शेल कुरतडतात, आधार सुटला की वरचा थर ढासळतो, आणि भिंत उभीच राहून मागे सरकत जाते. नायगाराचा धबधबा याच थरावरून कोसळतो. ओंटारिओ प्रांतात हा कडा नायगारा नदीपासून टोबरमोरीपर्यंत ७२५ किलोमीटर जातो. आपल्या बर्डीच्या किल्ल्याखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हा त्याच्या साडेसहा पट जुना.

आता चुना. हे कळलं की निम्मं उत्तर मिळालं, आणि ते नागपूरच्या माणसाला पटकन कळतं. काटोल-नरखेडकडे कुणाची संत्र्याची बाग असेल तर चुनखडीच्या जमिनीतलं झाड तुम्ही पाहिलं असेल: नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्या जमिनीत लोह नसतं असं नाही. चुन्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून मुळांना घेता येत नाही. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली, अशी गत. बागायतदार फेरस सल्फेट फवारून ती अडचण वरून सोडवतो. रानात फवारणारं कोण? चुनखडीवर ज्या झाडांना ते कुलूप उघडता येत नाही ती मागे पडतात. ज्यांची मुळं आम्लं सोडून लोह आणि स्फुरद मोकळं करून घेतात, त्यांना मोकळी जागा मिळते. ती झाडं फार ताकदवान असतात असं नाही. कसदार मातीत, गवताच्या आणि मोठ्या झाडांच्या गर्दीत, त्यातली बरीचशी टिकतही नाहीत.

याचा नमुना निघण्याआधी नागपुरातच पाहून घ्या. महाल भागात चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती आहेत. त्यांच्या सांध्यांतून एक लांब पानांचा नेचा, म्हणजे फर्न, निघतो. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पट्टीसारखी पानं, शिडीसारखी. त्याचं नाव टेरिस व्हिटाटा. भिंतीच्या चुन्यात तो रुजतो, पण शेजारच्या काळ्या मातीच्या अंगणात तुम्हाला तो क्वचितच सापडेल. जुन्या विहिरींच्या कपारीतला हंसराजही याच जातकुळीचा, चुना आणि ओल शोधणारा. माझ्या विद्यार्थ्यांना चुनखडीवरच्या वनस्पती मी पुस्तकातून कधी शिकवल्या नाहीत, आधी महालात नेऊन भिंत दाखवली.

तर आता कड्याच्या पायथ्याशी चला. वरून ढासळलेले गोटे इथे एकावर एक पडलेले असतात, काही सुपाएवढे, काही मोटारगाडीएवढे. त्यांच्यावर हरितेचा, म्हणजे मॉसचा, गुबगुबीत थर आणि वर शुगर मेपलची सावली. गोट्यांमधल्या पोकळ्यांतून भर जुलैतही गार हवा येते. हात पुढे केला तर फ्रीजचं दार उघडल्यासारखं वाटतं. ही जागा नेच्यांची. बल्बलेट फर्न सगळीकडे दिसेल. त्याच्या पानाच्या दांड्यावर वाटाण्यासारखे छोटे गोळे येतात आणि ते पडून नवी रोपं उगवतात. वॉकिंग फर्न शोधा. त्याचं पान निमुळतं होत लांब शेपटीसारखं होतं, शेपटीचं टोक हरितेला टेकलं की तिथेच मूळ धरतं आणि नवं रोप उभं राहतं. असं टोकाटोकाने ते अख्ख्या गोट्यावर पसरतं, म्हणून ‘चालणारा’ नेचा.

आणि मग हार्ट्स-टंग. फलकावरचा ‘दुर्मीळ’ हा शब्द ज्यांच्यामुळे आला त्यात याचा मान मोठा आहे. नावाचा अर्थ हरणाची जीभ. नेचा म्हटलं की आपल्याला कातरलेली, झालरीसारखी पानं आठवतात. याचं पान मात्र अखंड, चकचकीत, जिभेसारखं लांबट, बुडाशी हृदयाच्या आकाराचं. उलटून पाहिलं तर मागे बीजाणूंच्या तपकिरी रेघा, मधल्या शिरेपासून तिरक्या, कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने. पान तोडायचं नाही, फक्त बोटाने अलगद वर करायचं. युरोपात याचा भाऊबंद साधा आहे, तिकडे भिंतींवरही उगवतो. अमेरिका खंडातल्या प्रकारात गुणसूत्रं त्याच्या दुप्पट आहेत आणि तो अतिशय थोड्या ठिकाणी उरला आहे: न्यूयॉर्क आणि मिशिगनमध्ये काही जागा, अलाबामा-टेनेसीत खोल विवरांच्या तोंडाशी थोडा. जगातली त्याची बहुतांश रोपं ओंटारिओच्या याच कड्याच्या आधाराने जगतात.

एवढा चिवट दिसणारा नेचा इतका दुर्मीळ का? कारण त्याच्या आयुष्यात एक फार नाजूक टप्पा आहे. बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाएवढी, पातळ, हिरवी चकती तयार होते. तिच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असेल तरच नराची पेशी पोहत मादीच्या पेशीपर्यंत पोहोचते आणि पुढचं रोप जन्माला येतं. त्या काही आठवड्यांत हरिता सुकली की सगळं संपलं. वरची चार झाडं तोडली, उतारावर ऊन आलं, तर नेच्याला कुणी हात न लावताही तो नाहीसा होतो. म्हणून त्या कड्यावर झाडाची सावली जपणं हे नेचा जपण्याइतकंच मोलाचं.

तो नेमका कुठे आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही, राग मानू नका. उत्तरेकडे तोंड असलेल्या ओल्या उतारांवर मळलेली पायवाट न सोडता शोधलात तर कदाचित मिळेल. मिळाल्यावर फोटो काढताना मोबाइलमधलं ठिकाण नोंदवणं बंद ठेवा. दुर्मीळ रोपं खणून नेणारे लोक तिथेही आहेत.

आता मान वर करून भिंतीकडे पाहा. तुम्ही ज्यांना खुरटी झाडं म्हणालात ती हीच. ईस्टर्न व्हाइट सीडर. नावात सीडर असलं तरी आपल्या हिमालयातल्या देवदाराशी त्याचा संबंध नाही. आपल्या बंगल्यांच्या फाटकाशी जी मोरपंखी लावतात, तिच्या नात्यातलं हे झाड. पान चुरगळलं तर वासावरूनही नातं कळेल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ग्वेल्फ विद्यापीठातले डग्लस लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडांची वाढीची वलयं मोजली. मोजायला सूक्ष्मदर्शक लागला, कारण वलयं केसाएवढी बारीक होती. त्या उभ्या भिंतीवर हजार वर्षांहून जुनी झाडं निघाली, त्यातली कित्येक माणसाच्या उंचीचीही नाहीत. बख्त बुलंद शाहने १७०२च्या सुमारास नागपूर वसवलं तेव्हा त्या झाडांनी सातशेच्या घरात वर्षं काढली होती. खाली पायवाटेवरून लाखो माणसं गेली आणि जुनं जंगल शोधायला लोक दूर उत्तरेकडे जात राहिले.

एक झाड मी अगदी हातभर अंतरावरून पाहिलं आहे. मनगटाएवढं खोड भेगेतून निघून आधी खाली लोंबलेलं, मग वळून वर आलेलं. जवळजवळ सगळं खोड उघडं, चांदीसारखं करडं, वाळलेलं. फक्त दोन बोटं रुंदीची सालीची एक पट्टी जिवंत होती. ती एका मुळापासून निघून खोडाला पीळ घालत एकाच हिरव्या फांदीपर्यंत गेलेली. मी बराच वेळ त्या पट्टीवरून नजर फिरवत राहिले. या सीडरची पाण्याची वाट अशी असते की एका मुळाचं पाणी खोडाच्या त्याच्याच पट्टीला आणि त्याच्याच फांदीला मिळतं. दगड निखळून एक मूळ तुटलं तर तेवढी पट्टी मरते, बाकीचं झाड जगतं. एकत्र कुटुंबात एकाचा धंदा बुडावा आणि बाकीच्यांची चूल पेटती राहावी, तसं. भिंतीवर वणवा पोहोचत नाही, हरणं पोहोचत नाहीत, कुऱ्हाडही पोहोचली नाही. माती नाही म्हणून वाढ नाही, आणि वाढ नाही म्हणून ओझं नाही. झाड स्वतःच्या वजनाने भिंतीवरून सुटत नाही. त्यांचं खुरटेपण पाहून कीव करू नका, त्याच्याच जोरावर ती इतकी जगली.

भिंतीच्या खालीच एखादा ताजा निखळलेला कपचा पडलेला असेल तर तो उचलून त्याची तुटलेली बाजू भिंगातून पाहा. पृष्ठभागाच्या किंचित आत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर, हिरवट रेघ दिसेल. ती शैवालं आणि नीलहरित जिवाणू आहेत, दगडाच्या आत राहणारी. दगडातून झिरपेल तेवढा उजेड त्यांना पुरतो. बाहेरून आपण ज्याला उघडा कातळ म्हणतो त्याचं वरचं कातडंही जिवंत असतं. पाहून झालं की कपचा जिथे होता तिथे ठेवा.

माथ्याच्या कडेबद्दल एक गोष्ट सांगते, ती माझ्या हातून घडली आहे. पहिल्या उन्हाळ्यात दरीतलं दृश्य नीट दिसावं म्हणून मी पायवाट सोडून दोन पावलं कडेकडे गेले. पायाखाली हरिता आणि दगडफुलाची गादी होती, आपण मसाल्यात घालतो तसलंच दगडफूल. टाच वळली आणि पानपोळीएवढा तुकडा कातळावरून सुटून आला. खाली नुसता पांढरा दगड. माती अर्धा इंचसुद्धा नव्हती. दगडफूल वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतं, तेव्हा ती गादी माझ्या वयाहून जुनी असणार. पुढच्या तिन्ही उन्हाळ्यांत मी तो डाग पाहून आले, तो भरलेला नाही. कड्याच्या माथ्यावरची रोपं सर्वांत जास्त मरतात ती अशीच, दृश्य बघणाऱ्या चांगल्या माणसांच्या पायाखाली. तुम्ही रोज फिरायला जाणार आहात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मुलाला सुट्टी असेल तेव्हा एकदा कड्याच्या उत्तर टोकाला, ब्रूस द्वीपकल्पावर जा. हॅमिल्टनहून टोबरमोरी गाडीने चार तासांवर आहे. शक्यतो मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात जा, यात तडजोड करू नका. तिथे कड्याच्या मागे सपाट, जवळजवळ मातीविना चुनखडीचे पट्टे आहेत, त्यांना आल्व्हर म्हणतात. विदर्भातली बरडी जमीन डोळ्यांपुढे आणा, आणि त्यावर कासच्या पठारासारखी आठ-पंधरा दिवसांची फुलं. वसंतात तिथे पाणी तुंबतं, जुलैत तोच दगड तव्यासारखा तापतो. बुडणं आणि भाजणं दोन्ही सोसतील अशीच रोपं तिथे टिकतात. लेकसाइड डेझी हे पिवळं, वीतभर उंचीचं फूल ब्रूस आणि मॅनिटुलिन बेट सोडलं तर जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. ड्वार्फ लेक आयरिस, करंगळीएवढं निळं-जांभळं फूल, फक्त ग्रेट लेक्सच्या काठांवर होतं. आणि ऑर्किडं, त्या एका द्वीपकल्पावर चाळीसहून अधिक प्रकारची. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात स्वतःचा शिधाच नसतो. मातीतली ठरावीक बुरशी मिळाली तरच ते रुजतं. म्हणून खणून बागेत लावलेलं रानातलं ऑर्किड बहुधा मरतं.

हॅमिल्टन आणि नायगाराच्या बाजूला मात्र गोष्ट वेगळी. तो कॅनडाच्या उबदार कोपऱ्यांपैकी एक, त्यामुळे दक्षिणेकडची झाडं तिथे आपल्या उत्तर सीमेवर उभी आहेत. त्यातलं एक तुम्हाला जवळचं वाटेल: लाल तुती. कॅनडात ती नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, आणि तिच्यावर मोठं संकट आणलंय ते पांढऱ्या तुतीने, म्हणजे आशियातून रेशमाच्या किड्यांसाठी तिकडे नेलेल्या तुतीने. पांढरीचे पराग लाल तुतीवर पडतात, संकरित रोपं होतात आणि शुद्ध लाल तुती विरघळत चालली आहे. ओळख सोपी आहे. पांढरीचं पान वरून गुळगुळीत आणि चमकदार. लाल तुतीचं मोठं, मंद रंगाचं, वरून खरखरीत, खालून मऊ लव असलेलं. बोट फिरवलं की कळतं.

पायथ्याशी आणखी एक परकी वनस्पती दिसेल, गार्लिक मस्टर्ड, पान चुरगळलं की लसणाचा वास. आपल्याकडे गाजरगवताने आणि घाणेरीने जे केलं ते तिकडे हिने चालवलंय. जमिनीतल्या ज्या बुरशा रानझाडांना मदत करतात त्यांनाच ती मारक आहे. ती उपटायला स्वयंसेवक जमतात. तुम्ही चार महिने तिथे आहात तर एखाद्या सकाळी जरूर जा. झाडं ओळखायला त्याहून चांगली शाळा नाही.

संरक्षण कसं आलं हेही तुम्हाला माहीत असावं. चुनखडी म्हणजे रस्त्यांची खडी आणि सिमेंट. आपल्याकडे गडचांदूर-आवारपूर पट्टा आहे, तसाच तो कडा १९६०च्या दशकात खाणींनी खायला घेतला होता. लोकांनी आवाज उठवला. १९६७ मध्ये कड्याच्या माथ्याने ब्रूस ट्रेल ही पायवाट पूर्ण झाली, आज ती ९०० किलोमीटरहून लांब आहे. १९७३ मध्ये कड्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, १९८५ मध्ये जमीनवापराचा आराखडा, १९९० मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र मानलं. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या आराखड्यातली बरीच जमीन खासगी आहे. लोक तिथे राहतात, शेती करतात, द्राक्षं पिकवतात. कड्याच्या किती जवळ काय करता येईल याचे नियम आहेत. खाणी पूर्णपणे थांबलेल्या नाहीत, त्यावर वाद आजही चालतात. पण कुंपण घालून माणसं बाहेर काढणं हा एकच मार्ग नसतो हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं, आणि आपल्या टेकड्यांचा विचार करताना ते सारखं आठवतं.

थोडं व्यवहाराचं. पायवाटेच्या कडेला तीन-तीन पानांची, कधी चमकदार दिसणारी पॉइझन आयव्ही असते, तिला हात लावू नका. अंगावर फोड येतात आणि आठवडे जात नाहीत. गोचिडांपासून लाइम रोग होतो, तेव्हा पूर्ण पायजमा, त्यावर मोजे चढवलेले, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, केसांत तपासून पाहा. मेच्या मध्यावर मेपलची सावली दाट होण्याआधी पायथ्याचं रान पांढऱ्या ट्रिलियमने भरतं. तीन पानं, तीन पाकळ्या, ओंटारिओचं राज्यफूल. त्याला बियांपासून फुलापर्यंत यायला सात-आठ वर्षं लागतात, तेव्हा नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी तोडू देऊ नका. नेचे जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत छान दिसतात. सामान फार नको: दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, वही, आणि बसायला गोणपाटाचा तुकडा. एका जागी अर्धा तास बसा. पहिल्या दहा मिनिटांत नुसतं हिरवं दिसेल, मग प्रकार सुटे व्हायला लागतात.

तुमचं विमान मेमध्ये आहे ना? आत्ता उन्हाळ्यात महालातल्या भिंतींवरचा नेचा वाळून तपकिरी झालेला असतो, पण जिवंत असतो. एखाद्या रविवारी सकाळी सातच्या आत, ऊन चढण्याआधी या. भिंग माझ्याकडे आहे, ते घेऊन जा. सप्टेंबरमध्ये परत दिलंत तरी चालेल. तोवर पाऊस पडून भिंतीवरची पानं नव्याने फुटलेली असतील.